खुंट्या ठोकणाऱ्या काकी

मालवणात मी साडेतीन वर्षं राहिलो. त्यातले बरेचसे रविवार मी बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभा राहून काढले. हे वाक्य एवढ्यावर सोडून देणं माझ्या हिताचं नाही, म्हणून पुढे लिहितो.

बँकेनं कराडकडून माझी बदली मालवणला केली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. शाखेतल्या शिपायानं एक खोली सुचवली. कौलारू घर, मागे चार माड, आणि घरमालकीण ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. वय पासष्टीच्या पुढे, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, मांडीवर एक नवाकोरा स्क्रू ड्रायव्हर. वाडीत सगळे त्यांना काकी म्हणत, मीही म्हणू लागलो.

“खयचो?” काकींनी विचारलं.

“कराडकडचा.”

“हडे कोण नातेवाईक?”

“कुणी नाही.”

“ओळखीचे?”

“कुणीच नाही.”

त्यांचा चेहरा उजळला. भाडेकरूच्या गावात ओळखी असल्या की घरमालकांना बरं वाटतं. काकींना त्या नसल्याचं बरं वाटलं.

“मगे ऐक,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांमागे माझ्या पोटाचा ऑपरेशन झाला. आता शी मागसून जाणा नाय. हडसून जाता.” त्यांनी डाव्या कुशीवर हात ठेवला. “पिशवी आसा. सकाळी साडेसा ते साडेसात न्हाणी माझी. तेवा तुझो जीव गेलो तरी कडी वाजवूची नाय. ही गजाल गावात कोणाक ठावक नाय. माझ्या भयणीकपण नाय. तू भायरचो, म्हणान तुका सांगतंय. खंय बोललंस तर खोली खाली.”

मी खोली घेतली. कडी कधीच वाजवली नाही.

काकी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचा फोन मागून घ्यावा लागे त्या काळात मालवणातून जाणारा आणि मालवणात येणारा प्रत्येक कॉल त्यांच्या नाहीतर त्यांच्या दोन मैत्रिणींच्या हातून जाई. लग्नं ठरली, मोडली, जमिनी विकल्या गेल्या, माणसं वारली, मुंबईची मुलं गणपतीला येणार नाहीत असं कळलं, ते सगळं काकींनी घरच्यांच्या आधी ऐकलं. बाहेर एक अक्षर काढलं नाही. याचा एक परिणाम मात्र झाला. बाकीची माणसं ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घाबरतात. काकींना तसा अंदाज बांधत बसावं लागत नव्हतं. लोक काय म्हणतात ते त्यांना शब्दशः पाठ होतं.

म्हणून लपवण्याची व्यवस्था कडेकोट होती. पिशव्या धुवून वाळत घालायच्या त्या आतल्या खोलीत, पंख्याखाली, वरून परकर टाकून. पावसाळ्यात त्या चार-चार दिवस ओल्या राहायच्या. घरी कुणी आलं की काकी रेडिओ लावायच्या, कारण पिशवीत वारा सुटला की आवाज होई आणि तो थोपवणं आता त्यांच्या हाती नव्हतं. रेडिओवर भातावरच्या करप्याची माहिती चाललेली असली तरी त्या आवाज वाढवायच्या आणि पाहुण्यांना गप्प राहायची खूण करायच्या. वाडीत त्यांची शेती नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं.

नव्या पिशव्या मुंबईहून कुरियरनं येत. पोटाला चिकटवायची एक गोल चकती असते, तिच्यावर पिशवी बसते. दोन्हींचं नवं खोकं दर दोन महिन्यांनी लागायचं. कुरियरवाला वाडीतलाच होता, आणि प्रत्येक पार्सल हातात देताना आत काय आहे ते विचारायची त्याला सवय होती. तेव्हा पार्सल बँकेत येऊ लागलं, माझ्या नावानं. पहिलं आलं त्या दिवशी मी जेवायला गेलो होतो. सही आमच्या कॅशियरनं केली. खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. परत आल्यावर मी ते उलटं करून टेबलाखाली ठेवलं आणि प्रकरण मिटलं असं समजलो.

आता स्क्रू ड्रायव्हरचं सांगतो.

काकींना फिरायची हौस होती. तीस वर्षं त्यांनी नुसती गावांची नावं ऐकली होती. वेंगुर्ला, कणकवली, देवगड, आंबोली. नंबर जोडून दिले, गाव एकही धड बघितलं नाही. निवृत्तीनंतर एकेक गाव बघायचं ठरवलं होतं, तेवढ्यात ऑपरेशन झालं. मुलगा डोंबिवलीला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, “आई, आता कुठे जाऊ नकोस, दगदग होईल.” आमच्याकडे एखाद्या माणसाला घरात बसवायचं असेल तर ‘नको’ म्हणत नाहीत, ‘दगदग’ म्हणतात. मुलानं नातीच्या बारशालाही दगदगच म्हटलं होतं.

तरी ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीला काकी एकट्या एस.टी.नं गोव्याला गेल्या. परतीच्या वाटेवर गाडी हायवेवरच्या एका हॉटेलापाशी चहाला थांबली. पिशवी भरली होती. संडासाला कडी नव्हती, आणि हातातलं काही अडकवायला भिंतीवर एक खिळाही नव्हता. काकींनी एका हातानं दार धरलं, एका हातानं पिशवी, आणि पर्स दातांत. बाहेरून कुणा बाईनं दार ढकललं. पर्स खाली ओल्यात पडली, तिच्यातली दुसरी पिशवी, कापूस, रुमाल, सगळं भिजलं. जी पिशवी होती ती नीट बंद झाली नाही. तिथून कुडाळपर्यंत काकी गाडीत उभ्यानं आल्या. कंडक्टर दोनदा म्हणाला, “आजी, सीट रिकामी आसा, बसा.” दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “नको, पाय आखडलेत.”

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या, “माठाचे देठ जून आसत.”

त्यानंतर दीड वर्ष त्या कुठे गेल्या नाहीत. तपासणीला गाडी करून जायच्या आणि वाटेत उतरायच्या नाहीत. मग एक दिवस बाजारात जाऊन स्क्रू ड्रायव्हर, एक छोटं गिरमिट, चार कड्या आणि डझनभर स्टीलच्या खुंट्या घेऊन आल्या. चिकटवायच्या खुंट्या त्यांना मान्य नव्हत्या. मालवणच्या दमट हवेत चिकटवलेलं काही टिकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रविवारी सकाळी पेज आणि एक केळं खाऊन आम्ही निघायचो. उपाशी जायचं नाही, रिकाम्या पोटी वारा जास्त होतो, हा नियम. गावात उतरलं की आधी स्वच्छतागृह. स्टँड असो, पेट्रोल पंप असो, देवस्थानाचं भक्तनिवास असो, काकी चार गोष्टी बघायच्या: कडी, पाणी, खुंटी, उजेड. चारही असल्या तर “बरां.” तीन असल्या तर “जमताला.” दोन किंवा कमी असल्या तर त्या एक मालवणी शिवी द्यायच्या. ती इथे लिहीत नाही, जिल्ह्यातल्या वाचकांनी ओळखली असेल. पाणी आणि उजेड त्यांच्या हातात नव्हते. कडी आणि खुंटी होत्या. त्या आत जायच्या आणि मी बाहेर हत्यारांची पिशवी धरून उभा राहायचो. आतून गिरमिटाचा आवाज यायचा.

“आत काय चाललंय?” बाहेरची एखादी बाई विचारायची.

“खुंटी बसवतायत.”

“कोण?”

“काकी.”

बहुतेकींना एवढं उत्तर पुरायचं.

मग आम्ही गाव बघायचो. काकींची गाव बघायची पद्धत वेगळी होती. ज्या माणसांचे फोन त्यांनी जोडून दिले होते त्यांची घरं विचारत जायचं आणि रस्त्यावरून बघायचं, आत जायचं नाही. वेंगुर्ल्यात एका व्यापाऱ्याच्या घरासमोर त्या पाच मिनिटं थांबल्या. “ह्यां?” त्या शेवटी म्हणाल्या. “आवाजान मोठां वाटलेलां.”

एकदा त्या पकडल्या गेल्या. गावाचं नाव नको. स्टँडवरच्या नियंत्रकांनी गिरमिटाचा आवाज ऐकला, सफाईवाल्या बाईला आत पाठवलं आणि काकींना केबिनमध्ये बोलावलं. मीही गेलो.

“आजी, हे काय?”

“खुंटी.”

“ते दिसतंय. सरकारी दाराला भोक पाडलंत तुम्ही.”

“दोन,” काकी म्हणाल्या. सरकारी माणसासमोर त्या एक्स्चेंजमधली शुद्ध मराठी काढायच्या. “एका स्क्रूवर ती फिरते.”

“पण कशासाठी?”

मी काकींकडे पाहिलं. एका वाक्यात काम झालं असतं. त्या वयाच्या बाईनं ते वाक्य उच्चारलं असतं तर नियंत्रकांनी उठून खुर्ची दिली असती.

“पर्स अडकवण्यासाठी,” काकी म्हणाल्या.

“पर्स बाहेर कुणाकडे तरी द्यायची.”

“बाहेर विश्वासाचं माणूस नसतं.”

नियंत्रकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची हत्यारांची पिशवी छातीशी धरून उभा होतो.

“लिहून द्या,” ते म्हणाले. “पुन्हा असं करणार नाही म्हणून. आणि आज का केलं ते कारण.”

काकींनी कागद मागून घेतला, सुंदर अक्षरात लिहून दिलं. कारणाच्या जागी लिहिलं: ‘वयोमानानुसार.’ नियंत्रकांनी ते वाचलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “घरी लक्ष ठेवा. सुरुवात अशीच होते.” मग त्यांनी शिपायाला खुंटी काढायला सांगितलं. तेवढ्यात हिशेब द्यायला आलेली एक लेडी कंडक्टर म्हणाली, “राहू दे ती, साहेब. तिकिटाचं मशीन आणि कॅशची बॅग गळ्यात घालून आत बसावं लागतं आम्हाला. चार जणी आहोत, कुणालाही विचारा.” साहेबांनी विचारलं नाही. खुंटी राहिली. काकींचा कागदही फायलीत राहिला.

परत येताना मी म्हटलं, “काकी, खरं सांगायला काय हरकत होती? आता तिथे तुम्हाला वेडी समजतील.”

“समजांदे,” त्या म्हणाल्या. “येड्या माणसाक लोक वाट सोडतत, रे. पिशवीवाल्याक जागा देतत. माका जागा नको.”

शाखेत याच सुमाराला माझ्याशी सगळे फार चांगलं वागू लागले. मॅनेजरसाहेबांनी माझं टेबल हलवून स्वच्छतागृहाजवळ दिलं. खेड्यापाड्यांत जायची कामं दुसऱ्याकडे गेली. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तब्येत महत्त्वाची. आजकाल सगळं शक्य आहे.” कोकणातल्या माणसांबद्दल मी घरी पत्रातून चांगलं लिहिलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या कॅशियरनंच मला एक स्थळ सुचवलं. मुलगी पिंगुळीची, कुडाळच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला. मी बघायला गेलो. त्यांनी जेवायलाच ठेवून घेतलं. मुलगी फारसं बोलली नाही, पण एकदा हसली, आणि मला ती आवडली. आठवड्यानं निरोप आला: ‘योग दिसत नाही.’

दोन चहा झाल्यावर कॅशियर म्हणाला, “त्यांनी चौकशी केली. आता आम्ही खोटं कसं बोलणार? दर दोन महिन्यांनी तुमचं पार्सल मीच घेतो ना. मी म्हटलं, मुलगा सोन्यासारखा आहे, पण पोटाचं तेवढं आहे. सांभाळून घ्यावं लागेल.”

तेव्हा मला टेबल का हललं ते कळलं.

घरी मी काही सांगणार नव्हतो. पण त्या संध्याकाळी मी दुसरी भाकरी घेतली नाही, आणि काकींच्या घरात दुसरी भाकरी न घेणं ही चौकशी होण्यासारखी बाब होती. सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पोरगी आवडलेली?”

“हो.”

“बरां,” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. रेडिओ घरात कुणी नसतानाही चालू असायचा. रविवारी सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर उभ्या.

“आज कुठे?” मी विचारलं.

“पिंगुळी.”

“काकी, तुम्ही काही सांगायची गरज नाही. स्थळं काय, दुसरी येतील.”

“तुका विचारूक नाय मी.”

कुडाळला त्यांनी स्वतःच बसवलेल्या एका खुंटीला पर्स अडकवून पिशवी रिकामी केली, तोंड धुतलं, आणि आम्ही रिक्षानं पिंगुळीला गेलो. मुलीचे वडील दारात वर्तमानपत्र वाचत होते. मला बघून ते उभे राहिले आणि कुठे बघावं ते त्यांना कळेना. आम्ही आत बसलो. मुलीची आई पाणी घेऊन आली. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

“मी यांची घरमालकीण,” काकींनी शुद्ध मराठीत सुरुवात केली. “माझं पाच मिनिटांचं काम आहे. या मुलाबद्दल तुम्हाला जी माहिती मिळाली ती राँग नंबरवरून मिळाली. पिशवी त्याला नाही. मला आहे.”

आणि त्या सांगू लागल्या. चार वर्षं साठलेलं होतं. गाठ कशी निघाली, डॉक्टर काय म्हणाले, चकती कात्रीनं किती मापाची कापावी लागते, घामानं ती कशी सुटते, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, वाट बघायची नाही. सुके बांगडे खाल्ले तर वास किती येतो आणि तरी त्या ते का सोडत नाहीत. मुलीचे वडील पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता. काकींचा आवाज सरळ होता, ट्रंक कॉल जोडल्यासारखा. पण त्या पदराचं टोक एका बोटाला गुंडाळत होत्या, आणि ते बोट पांढरंफटक पडलं होतं. पाच मिनिटांची वीस झाली.

“तेव्हा पार्सलं माझी,” त्यांनी शेवट केला. “मुलाचं पोट उत्तम आहे. मी साक्षीदार आहे.”

मग वडील म्हणाले, “अहो, पण तुम्ही एवढा त्रास... म्हणजे आम्ही त्याच्यामुळे... तसं काही...”

“बाबा, सांगा ना,” मुलगी दारातून म्हणाली. “नाहीतर मी सांगते.”

बाबांनी सांगितलं नाही. ती पुढे आली.

“मी त्याच दिवशी नाही म्हटलेलं, काकी. चौकशी बाबांनी नंतर केली, नाही म्हणायला काही कारण सापडतंय का बघायला. ह्यांनी एक पेडवा खायला अर्धा तास लावला. मला बोलावून विचारलं, यात काटे एकूण किती असतात.” मग आईकडे वळून ती म्हणाली, “जल्मभर काटे कोण काढून दितलो?”

काकींनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“खरां?”

“हो.”

“किती पेडवे खाल्लंस?”

“एकच.”

काकींनी बोटाचा पदर सोडला. “मगे तिचां बरोबर आसा,” त्या म्हणाल्या.

मुलीच्या आईनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मला सुरमई वाढली. तिला मधला काटा एकच असतो.

परतीच्या गाडीत काकींनी दोघांची तिकिटं काढली, सुटे पैसे मोजून पर्समध्ये ठेवले. मग एकाएकी हसायला लागल्या. हसताना त्या डावा हात पोटावर घट्ट धरायच्या. त्या दिवशी दोन्ही हात धरावे लागले. “चार वर्षां कोणाक सांगूक नाय,” त्यांनी डोळे पुसले. “सांगलंय तां एका पेडव्यापायी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. पिंगुळीहून मालवणला बातमी यायला किती वेळ लागतो याचा त्यांना अंदाज होता. आता माणसं येणार, चेहरे पाडून बसणार, हळू आवाजात विचारणार, म्हणून त्या तयार होऊन बसल्या होत्या, घरात मयत झाल्यावर बसतात तशा. मी बँकेत जायचा थांबलो. पहिली आली मासेवाली, रोजची.

“बांगडे हाडलंय,” तिनं टोपली उतरवली.

“तुका कायएक कळलां?” काकींनी विचारलं.

“कसला?”

“माझी गजाल.”

“पिशवीची?” मासेवाली बांगडे मांडत म्हणाली. “ती माका ठावक आसा.”

“कधीपासून? कोणी सांगल्यान?”

“कोणी कित्याक सांगूक होया? आदी तू टोपलेत तोंड घालून कल्ले बघी होतंस. ऑपरेशन झाला तेवापासून तू वाकान मासो बघूक नाय. उभ्यान इचारतंस, ताजे आसत काय गो म्हणान. तू, आणि मासो इचारून घेतलंस? मी तेवाच ओळखलंय.”

काकींनी खुर्ची पुढे ओढली.

“आणखी कोणाक ठावक आसा?”

मासेवालीनं विचार केला. “ठावक नसलेलो कोण, तो बघूक होयो.”

“मगे कोणी एका शब्दान बोललां कसां नाय?”

“तू सांगूक नाय,” मासेवाली म्हणाली. “मगे आमी कित्याक बोलू?”

काकींनी बांगडे घेतले नाहीत. त्या आत गेल्या आणि महिनाभर वाडीतल्या एकाही माणसाशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, मनाला लागलं असेल. तसं नव्हतं. “चार वर्षां!” त्या स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणायच्या. “चार वर्षां पंख्याखाली सुकयलंय मी! पावसात! आणि ही सगळी म्हणतत, रेडियो लाय, काकी, शेतीचो कार्यक्रम बरो असता!” त्यांचा राग लोकांना कळल्याचा नव्हता. एवढे कष्ट वाया गेल्याचा होता. एक्स्चेंजमध्ये बसून लोक काय बोलतात ते त्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं. लोक काय बोलत नाहीत ते ऐकायची तिथे सोय नव्हती.

महिन्यानं त्यांनी अंगणात दोन माडांच्या मध्ये दोरी बांधली आणि भर उन्हात सगळं वाळत घातलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, याचाही त्यांना दोन दिवस राग आला.

माझी बदली होण्याच्या थोडं आधी मला बँकेच्या ट्रेनिंगला पणजीला जायचं होतं. काकींची तपासणी त्याच दिवशी होती, म्हणून एकाच गाडीनं निघालो. गाडी भरलेली होती. सावंतवाडी सोडली, आणि इन्सुलीच्या अलीकडे काकी उठल्या. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. त्या दांडी धरत धरत पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “भाऊ, माका पोटाची पिशवी आसा. ती भरली. फुडे पेट्रोल पंप आसा, थंय धा मिन्टां गाडी थांबय.”

गाडीतली बोलणी थांबली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, आणि मग मलाच माझी लाज वाटली म्हणून पुन्हा आत बघू लागलो. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि गाडी पंपावर घेतली. काकी उतरून गेल्या.

मग तिसऱ्या सीटवरची एक बाई मांडीवरचं मूल नवऱ्याकडे देऊन उतरली. तिच्या मागून कॉलेजच्या दोन मुली. मग डोक्याला गजरा माळलेली एक नवी नवरी आणि तिची सासू, एकमेकींकडे न बघता. मग मागच्या बाकावरून तिघी-चौघी. आवाज असा कुणाचाच नव्हता, फक्त पायऱ्यांवर चपला वाजत होत्या. मी मोजत होतो. काकींखेरीज चौदा. स्वच्छतागृह एकच होतं, त्याच्या बाहेर रांग लागली आणि दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. काही पुरुषांनी घड्याळं बघितली. ते मघाशी सावंतवाडीच्या स्टँडवर भिंतीआड जाऊन आले होते.

ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. काकी पंपावरच्या नळाशी हात धूत होत्या. “काकी,” त्यानं रांगेकडे बोट दाखवलं, “ह्या सगळ्यांका पिशवी आसा की काय?”

“नाय रे,” काकींनी रुमालाला हात पुसले. “पिशवी माका एकटीक आसा. त्यांका तोंड नाय.”

मग त्या वर चढल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि चेकपोस्ट यायच्या आत झोपल्या. बाकीच्या चौदा जणी पणजीपर्यंत बोलत होत्या.